भातमांजराच्या घराण्याचे बुवा

भातमांजराचं नाव घ्यायची वेळ आली की बुवा आधी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावत. गवई लोक गुरूचं नाव घेताना लावतात ना, तस्सा. फरक एवढाच की गवयाने गुरूला पाहिलेलं असतं, त्याचे पाय चेपलेले असतात, त्याच्या शिव्या खाल्लेल्या असतात. बुवांनी भातमांजराला जन्मात पाहिलं नव्हतं. तो बाप्या आहे की बाई, म्हातारा आहे की शाळकरी पोर, कशाचा पत्ता नव्हता. इंटरनेटवर त्याच्या नावाच्या जागी जपानी अक्षरं होती, ती आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हती. आणि फोटोच्या जागी भाताच्या वाडग्यात तोंड खुपसून बसलेली एक मांजर होती. त्यावरून बुवांनीच बारसं उरकून टाकलं होतं : भातमांजर उस्ताद!

हे सगळं खफजीतलं. कुवेतच्या सीमेला नाक लावून बसलेलं सौदीतलं गाव. एका बाजूला समुद्र, समुद्राखाली तेल, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना काहीच नाही. पण ते काहीच नाही इतकं प्रचंड, की सकाळी खिडकी उघडली तर ते आत यायचं. तिथल्या गॅस प्लांटवर आम्ही मूठभर मराठी इंजिनिअर कंपनीच्या कॅम्पात राहत होतो. बुवा सगळ्यांत सीनिअर, मूळचे नाशिकचे. काम व्हायब्रेशनचं. म्हणजे चालत्या मशीनला सेन्सर लावायचा, तिची थरथर मोजायची आणि वैद्याने नाडी पाहून सांगावं तसं सांगायचं, हिचं बेअरिंग जाणार. कामात माणूस राक्षस. बुवा शेजारून नुसते चालत गेले तरी डुगडुगणारा पंप घाबरून सरळ फिरायला लागायचा, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण ते पोटासाठी. आत्म्यासाठी मॅड होते.

मॅड म्हणजे असं : जपानी कार्टून, ज्याला ॲनिमे म्हणतात (बुवांसमोर 'कार्टून' म्हणणाऱ्याला चहा मिळत नसे), त्याचे शेकडो तुकडे कापायचे. या मालिकेतला पोरगा, त्या मालिकेतला रोबो, तिसरीतली छत्रीवाली मुलगी. आणि ते तुकडे भलत्याच कुठल्या तरी गाण्यावर असे बसवायचे की इकडे ठोका पडला की तिकडे तलवार पडलीच पाहिजे. जपानातले चाहते हा उद्योग हौसेने, फुकट करतात आणि त्याला 'मॅड' म्हणतात. नाव त्यांनीच ठेवलंय, आमच्यावर आळ नको.

तरुणपणी बुवांनी नाशकात गाणं शिकायचा प्रयत्न केला होता. गुरुजींनी लवकरच हात जोडले. म्हणाले, "बाळ, गळा नाही, पण मान फार सुंदर हलते. तू श्रोता हो." तेव्हापासून बुवांनी ती मान जपून ठेवली होती आणि ती हलवण्यालायक काही तरी शोधत ते अख्खं आखात फिरले होते. शेवटी भातमांजर भेटलं.

दर गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे आठवडा संपला की, बुवांच्या क्वार्टरमध्ये बैठक. चपला बाहेर. जमिनीवर गालिचा, भिंतीला लोड, समोर टीव्ही, टीव्हीला ताज्या फुलांचा हार. ताजी फुलं खफजीत कुठून, तर बुवा कॅम्पच्या बागेतली बोगनवेल तोडत आणि माळी कफीलकडे, म्हणजे आमच्या व्हिसाच्या धन्याकडे, तक्रार करी. एसी इतका गार की पाहणाऱ्यांची दातखीळ बसावी. कारण बुवांच्या मते उकडलेल्या माणसाची दाद ढिली पडते. चिवडा बंद, कारण कुरकुरीत वस्तू ठोक्याच्या आड येते. मग बुवा मॅड लावत. ठोक्यावर छत्री उघडली की मांडीवर थाप मारून "क्या बात है!" म्हणत, आणि आम्हीही पाठोपाठ थापा मारत असू. सौदीत दुसरी कुठली नशा करायला बंदी, हेही लक्षात घ्या.

बुवांनी त्या बिचाऱ्या हौशी जपान्यांची घराणीसुद्धा पाडली होती. ठोक्यावर कापणारे ओसाका घराणं. ठोक्याच्या किंचित आधी कापणारे टोकियो घराणं, "उतावीळ, शहरी". आणि भातमांजर? "ते स्वयंभू," बुवा म्हणत. "कात्री न्हाव्याच्या हातातही असते आणि कलावंताच्याही. फरक कान सांभाळण्यात आहे."

नुसतं गुरुवारी पाहून सुटका नसे. मधल्या दिवसांत बुवा ग्रुपवर मॅड पाठवत आणि दुसऱ्या दिवशी प्लांटच्या गेटवर गाठून तोंडी परीक्षा घेत. एकदा मी अर्धवट झोपेत म्हणालो, "छान होतं, बुवा."

"छान हा शब्द नाही, जांभई आहे," म्हणाले आणि आठवडाभर माझ्या कुठल्याच मशीनचा रिपोर्ट त्यांनी मला वाचून दाखवला नाही.

आमच्यात एक पुणेकर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. त्याने एकदा मोबाईलच्या ॲपवर बोट दाबून स्वतःच एक मॅड बनवला आणि ग्रुपवर टाकला. बुवांनी त्या दिवशी मेसमध्ये जेवण घेतलं नाही. संध्याकाळी पुणेकराच्या दारात जाऊन पडक्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. धीर धरा." पुणेकराच्या बायकोला वाटलं, घरी कुणी तरी गेलं. ती रडायलाच लागली.

बुवांची स्वतःची बायको फॅमिली व्हिसावर एकदा येऊन गेली होती. महिनाभर राहिली, सगळ्या गुरुवारी गारठत बसली, आणि निघताना विमानतळावर म्हणाली, "त्या मांजरीला जपा. म्हातारपणी तीच भाकरी करून घालेल."

आता माझं. माझं लग्न सांगलीच्या एका मुलीशी ठरलं होतं आणि प्लांटने ते दोनदा मोडता मोडता ठेवलं होतं. एकदा शटडाऊन आला, एकदा इकाम्याचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडलं. होणाऱ्या सासऱ्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "जावईबापू, तारीख तिसऱ्यांदा बदलावी लागली तर आम्ही तारीख बदलणार नाही, मुलगा बदलू." आणि नेमका तेव्हाच प्लांटवर नवा जपानी कॉम्प्रेसर बसत होता. तो चालवून पाहायला जपानहून कंपनीचा माणूस येणार, त्याने पसंतीच्या कागदावर सही करायची, आणि ती सही होईपर्यंत कुणालाही रजा नाही, असा हुकूम निघाला.

जपानी माणूस येणार हे कळल्यावर आम्ही कॉम्प्रेसरच्या फायली झटकायला लागलो आणि बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साक्षात त्या मातीतला माणूस," ते म्हणाले. "सत्कार झाला पाहिजे."

"बुवा, तो कॉम्प्रेसर तपासायला येतोय."

"तो कशाला का येईना. आपण काय देणार, ते आपलं आपण ठरवायचं."

जपानी साहेब आले. साठीच्या घरातले, शिडशिडीत, इस्त्रीचे, बोलणं मोजकं. विमानतळावरून थेट प्लांटवर गेले आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्रेसरशेजारी उभे राहिले, पाहुण्याने यजमानाच्या आजारी म्हाताऱ्याजवळ बसावं तसे. तिथून बुवांनी त्यांना उचललं ते सरळ बैठकीत. शाल बुवांची स्वतःची, कुणी तरी आपल्याला पांघरेल म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेली. नारळ भाजीवाल्याकडून. फेट्याला कापड मिळेना, तेव्हा लाल चौकड्यांचा सौदी शेमाघ, म्हणजे डोक्यावरचा रुमाल, घेऊन पुणेकराने त्याचा कोल्हापुरी फेटा बांधला. बुवांनी इंग्रजीत भाषण केलं, ज्या देशाने भातमांजर दिलं त्या देशाला वंदन केलं, आणि शाल पांघरून, नारळ हातात देऊन फोटो काढला. जपानी साहेब सगळा वेळ गंभीरपणे वाकत होते. त्यांची समजूत, ही कॅम्पची सेफ्टीची रीत असणार आणि फेटा हे हेल्मेट. दुसऱ्या दिवशी ते फेटा घालूनच प्लांटवर आले. आमचे सौदी साहेब कॉरिडॉरमध्ये थबकले आणि मला हळूच विचारलं, "हा कुठल्या कबिल्याचा?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण तो हेल्मेट नसून सन्मान होता हे समजल्यावर जपानी साहेबांनी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे कुणी स्वप्नातही करणार नाही. त्यांनी तो फोटो स्वतः होऊन आपल्या हेड ऑफिसला पाठवला आणि कळवलं की, ज्यांचं मशीन मी तपासतोय त्यांनी मला शाल आणि नारळ दिला आहे. हेड ऑफिसचं उत्तर वाऱ्यासारखं आलं : भेट जशीच्या तशी परत करा. तोवर सही नाही.

शाल परत झाली. फेटा सोडून शेमाघ झाला. राहिला नारळ. तो जपानी साहेबांनी मेसमध्ये ठेवायला दिला होता आणि आमच्या मल्याळी आचाऱ्याने, ताजा नारळ दिसल्यावर मल्याळी माणूस जे करतो ते केलं होतं. दुपारच्या माशाच्या कालवणात खुद्द जपानी साहेबांनी तो दोनदा मागून खाल्ला होता.

"दुसरा नारळ आणतो की," मी म्हणालो.

जपानी साहेबांनी मान हलवली. "तो नाही. हा दुसरा नारळ."

कॉम्प्रेसर तयार. पाहुणा तयार. माझी पत्रिका छापून सांगलीभर वाटून झालेली. आणि सगळं अडलंय कुठे, तर कालवणात.

तेव्हा डोकं मी चालवलं. हेड ऑफिसला कळवलं की ती भेट कामाची नव्हे; आमचं एक कलामंडळ आहे, त्याने कलेबद्दल केलेला तो सन्मान आहे. उत्तर आलं : तसं असेल तर हरकत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी सही करून लिहून द्यावं की, आमच्या या गृहस्थांना त्या कलेत गती आहे. मी नाचत बुवांकडे गेलो.

"बुवा, एक ओळ लिहा. यांना मॅडमध्ये गती आहे. सही करा. खलास."

"आहे का गती?"

"नसेना का!"

"मग कसं लिहू? हलत्या बेअरिंगला मी आजवर 'ठीक' लिहिलेलं नाही."

"बुवा, माझं लग्न आहे हो!"

"लग्न तुझं आहे. सही माझी आहे."

"अहो, पण शाल तुम्हीच घातलीत ना त्याला?"

"ती त्याच्या देशाला घातली. तो मध्ये उभा होता."

मी पाया पडलो. पुणेकर पडला, त्याचीही तिकिटं काढलेली होती. बुवा भिंतीकडे पाहत राहिले. बरं, जपानी साहेबांना सांगावं की तुम्हीच जरा बुवांना पटवा, तर ते त्यांच्यावर ताण. म्हणाले, "अध्यक्षांचं बरोबर आहे. मला गती नाही. मी सुट्टीत मासे पकडतो."

सौदी साहेबांच्या टेबलासमोर हे सगळं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हणजे हा प्रामाणिक, म्हणून मशीनवर सही करत नाही. तो प्रामाणिक, म्हणून याच्यावर सही करत नाही. या अख्ख्या प्लांटमध्ये मला एक तरी चोर शोधून द्या. यल्ला!"

चोर मिळाला नाही. त्याऐवजी जपानी साहेबच म्हणाले, "मी परीक्षा देतो."

शुक्रवारी दुपारी, नमाज होऊन कॅम्प सुस्तावला होता तेव्हा, परीक्षा बसली. गालिचा, लोड, गारठा. बुवांनी पेपर काढला तो साक्षात भातमांजराचा सर्वांत पवित्र मॅड. सायकलवरचा पोरगा उतारावरून सुटतो, छत्र्यांमागून छत्र्या उघडत जातात, आणि शेवटी महाकाय रोबो ढोलाच्या एका दणक्यावर गुडघा टेकतो. त्या गुडघ्यावर आमची बैठक वर्षानुवर्षं कोसळत आली होती. बुवा तर तिथे अर्धवट उभे राहत.

जपानी साहेब ताठ बसले. एक तळहात स्पीकरवर ठेवला, नजर पडद्यावर. संपलं. आम्ही गुडघ्यावर नेहमीची थाप मारली. त्यांचा हात स्पीकरवरच होता.

"परत," म्हणाले.

परत लावला. परत थाप.

"परत."

मला सांगली दिसत होती. मांडव, सासरे, आणि माझ्या जागी बोहल्यावर उभा असलेला दुसराच कुणी तरी, बहुधा बँकेतला. मॅड पुन्हा संपला. जपानी साहेबांनी स्पीकरवरचा हात काढला, बुवांकडे वळून कमरेत वाकले आणि म्हणाले, "माफ करा. गुडघा. उशिरा टेकतो."

एसीसुद्धा थांबला असं मला वाटलं.

"अशक्य," बुवा म्हणाले.

"माफ करा. अगदी थोडा. पण उशिरा."

बुवा उठले, आत गेले आणि प्लांटवरचं आपलं थरथर मोजायचं यंत्रच घेऊन आले. सेन्सर स्पीकरला चिकटवला. मॅड पुन्हा लावला, शेवटाशी थांबवला, एकेक चित्र मुंगीच्या पावलाने पुढे सरकवलं. यंत्राच्या पडद्यावर रेघा उमटल्या. बुवा त्या रेघांवर नाक टेकवून बसले.

आता एक ध्यानात घ्या. त्या रेघा खोलीत कुणालाच वाचता येत नव्हत्या, एकट्या बुवांना सोडून. ते "बरोबर टेकतो" म्हणाले असते, तर आम्ही माना डोलावल्या असत्या, तशा आम्ही नेहमीच डोलवायचो. भातमांजर देव राहिला असता, बुवा पुजारी राहिले असते, पाहुणा नापास झाला असता. फक्त माझ्या लग्नाचे बारा वाजले असते.

बुवांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. पुन्हा पाहिलं.

"ठोका पडतो तेव्हा गुडघा हवेत आहे," ते म्हणाले.

शेवटी पुणेकराला राहवलं नाही. "म्हणजे बुवा, इतकी वर्षं आम्ही चुकीच्या ठिकाणी मांडी बडवली?"

"तुम्ही माझ्याकडे बघून बडवत होता," बुवा म्हणाले. "मी भातमांजराच्या नावाकडे बघून."

मग त्यांनी कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं : या गृहस्थांना या कलेत गती आहे. पेन ठेवलं, पुन्हा उचललं आणि खाली आणखी एक ओळ घातली : अध्यक्षांपेक्षा जास्त. आणि सही ठोकली. जपानी साहेब इतके वाकले की मला वाटलं, त्यांच्या कमरेत उसण भरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्रेसर पुन्हा पहिल्यापासून तपासला, कारण मधल्या काळात तो बिघडला नसेल कशावरून, आणि मग सही केली. सौदी साहेबांनी माझा रजेचा अर्ज वाचलाही नाही. "जा, लग्न कर," म्हणाले, "पण कुणाला नारळ देऊ नकोस." त्यांना काय ठाऊक, आपल्याकडे लग्नात काय काय देतात.

निघायच्या दिवशी दम्मामच्या विमानतळावर नेणारी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी मी बुवांच्या क्वार्टरवर गेलो. एसी बंद. टीव्हीवरचा हार सुकलेला. बुवा खुर्चीत बसून चहा पीत होते, जमिनीवर नाही, खुर्चीत.

"भातमांजराला कळवलं," ते म्हणाले.

"काय कळवलं?"

"तेच. गुडघा. इतकी वर्षं मी त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली पानंच्या पानं स्तुती लिहिली. त्याला हिमालय म्हटलं, समुद्र म्हटलं. एका अक्षराचं उत्तर नाही. परवा एक ओळ लिहिली, गुडघा उशिरा टेकतोय. चहा गाळून होईतो उत्तर आलं."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, इतकं नीट पाहणारं कुणी आहे हे माहीत नव्हतं, आभारी आहे." बुवांनी कप खाली ठेवला. "आणि व्हिडिओ काढून टाकला."

"काढूनच टाकला?"

"दुरुस्तीला घेतला असेल. अजून लावलेला नाही."

माझ्या तोंडावर हसू फुटलं असणार. इतक्या वर्षांच्या गारठ्याचा सूड म्हणा. मी म्हणालो, "म्हणजे बुवा, ती सगळी स्तुती फुकट गेली की हो!"

"जाणारच. स्तुती न बघताही करता येते. तुम्ही सगळे दर गुरुवारी करत होता की." ते उठले, माझी बॅग त्यांनीच उचलून दारापर्यंत आणली. "चूक काढायची तर बघावं लागतं. जा आता, लग्न कर. बायको चुका काढेल. काढू दे. ज्या दिवशी ती काढायची थांबेल ना, त्या दिवशी मला फोन कर."

लग्न लागलं. बुवा पुढे नोकरी आटोपून नाशिकला गेले, नंबर अजून तोच आहे. फोन करायची वेळ मात्र अद्याप आलेली नाही. आज सकाळी तर नाहीच नाही.